कापड पुरलं नाही

मालवणात पंगतीला सोलकढी संपली किंवा लग्नाच्या गाडीत जागा कमी पडली, की अजूनही कोणीतरी म्हणतं, "आक्काचा कापड झाला रे!" आणि सगळे हसतात. मागच्या वर्षी एका साखरपुड्यात माझ्या समोर बसलेल्या गृहस्थाने ते म्हटलं आणि मी पान तसंच टाकून उठले. यजमानांना वाटलं, मला जेवण आवडलं नाही.

त्या हसणाऱ्यांपैकी एकानेही मला कधी विचारलेलं नाही, की ते कापड का पुरलं नाही. खरं तर विचारायचं असेल तर मलाच विचारायला हवं. त्या कापडावर मापाचे पुठ्ठ्याचे फर्मे ठेवणारे हात आक्काचे होते आणि खडूने रेघ ओढणारा हात माझा होता.

आक्काचं नाव मी लिहीत नाही. तिने स्वतःच आपल्या कारखान्यावर पाटी लावली नव्हती. "नाव लिवला काय लोक नाता काढीत येतत," ती म्हणायची. "ज्येका गरज आसा तो इचारीत येतलो." आणि लोक विचारीत यायचे. मालवणच्या भरड नाक्यावरून खाली उतरताना कौलांची एक जुनी वखार होती, तिच्यात हा कारखाना. संगणकावर काढलेली नक्षी थेट कापडावर छापणारं एक यंत्र, कापायचं लांबलचक टेबल, दोन शिवणयंत्रं, आणि या सगळ्यांच्या वर आक्काचा आवाज. मुंबईच्या एका गिरणीत तिने कितीतरी वर्षं ब्रशने नक्ष्या काढल्या होत्या. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीचे मोर्चे काढत बसले. ही मात्र कुणाचं तरी जुनं छपाईयंत्र उचलून गावी आली. नेसायला साडी, वर पुरुषी शर्ट, शर्टाच्या खिशात खडू, टेप आणि दोन पेपरमिंट. त्या पेपरमिंट कुणाला कधी मिळाल्या नाहीत.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती हातात फाईल घेऊन. आमचं गाव तोंडवली. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, वर संगणकाचा कोर्स केला, आणि जिथे जाईन तिथे वाकून बोलायचं एवढं मात्र कोणी न शिकवता शिकले.

यंत्राखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मी त्या पायांना म्हटलं, "नमस्कार मॅडम."

"मॅडम हय नाय रवत," यंत्राखालून उत्तर आलं. "मॅडम पुण्याक. कोण तू?"

मी नाव, शिक्षण, टक्केवारी सगळं सांगितलं. ती बाहेर आली. कपाळावर निळ्या शाईचा पट्टा. फाईल तिने उघडलीसुद्धा नाही.

"तुका राग कसलो येता?"

मला वाटलं, मुलाखतीत असंच विचारत असतील. मी म्हटलं, "कसलाच नाही, मॅडम. माझा स्वभाव शांत आहे."

"अरे देवा," ती म्हणाली. "मगे हय काय करतलंस? संगणक तरी येता?"

संगणक येत होता म्हणून मला काम मिळालं. त्या दिवसापासून तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए बीकॉम, रंग बघ." "बीकॉम, वीज गेली, यंत्रार पडदो घाल." मी मनातून खूश व्हायचे. माझी पदवी दिवसातून इतक्या वेळा कुणी उच्चारली नव्हती. तो टोमणा आहे हे मला बऱ्याच दिवसांनी समजलं.

आक्का रागावून उठायची आणि रागावून झोपायची. तिचा सगळ्यात मोठा राग विजेवर. भारनियमनाचे दिवस होते. छापता छापता वीज गेली, की यंत्राच्या डोक्यातली शाई वाळायची, बारीक भोकं बुजायची आणि अर्धं छापलेलं कापड फुकट जायचं. वीज गेली की ती पदराला हात पुसत फोनपाशी जायची आणि वीज कंपनीच्या कार्यालयात फोन लावून एकच शब्द बोलायची, "गेली." मग रिसीव्हर आपटायची. वीज आली की पुन्हा फोन. "इली." पुन्हा आपटणं. तक्रार नाही, चौकशी नाही. पुढे पुढे तिकडच्या माणसांना त्याची इतकी सवय झाली, की एकदा ती आजारी होती तर तिकडूनच फोन आला. "आक्का बरी आसा मा? वीज जाऊन अर्धो तास झालो, फोन नाय इलो."

दुसरा राग हवेवर. खाऱ्या वाऱ्याने कोरं कापड ओलसर व्हायचं आणि शाई पसरायची. ती कापडाचा कोपरा जिभेला लावून बघायची. खारट लागला, की पुन्हा सुकवायचा. येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे दृश्य विचित्र वाटायचं. एक सरकारी साहेब पडदे बघायला आले होते, त्यांनी विचारलं, "बाई काय चाटतायत?" ती तोंडातला कोपरा न काढताच म्हणाली, "समुद्र."

तिसरा राग माझ्यावर. मी सारखी थँक्यू म्हणायचे. चहा दिला, थँक्यू. रविवारी सुट्टी दिली, थँक्यू. पगाराला तर दोनदा. एके दिवशी तिने हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"बीकॉम, तू काम केलंस ना महिनोभर?"

"हो."

"मगे थँक्यू कित्याक? मी काय तुका भीक घातलंय?"

"तसं नाही आक्का. तुम्ही मला संधी दिलीत."

"संधी!" तिने तो शब्द असा उच्चारला, जसा एखादा शिळा मासा शेपटीला धरून उचलावा. "शिकलेल्यांका राग येता, पण ते तो भाताबरोबर गिळतत. वर थँक्यूचा पाणी पितत. तुझी आवस बघ. बाजारात कोणाक थँक्यू म्हणता?"

आई कुणालाच थँक्यू म्हणत नव्हती. माझी आई बाजाराच्या एका टोकाला बसायची आणि तिचा आवाज दुसऱ्या टोकाला बर्फ फोडणाऱ्यापर्यंत पोचायचा. बांगड्याला बोट लावून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणायची, "बोट लावलंस, आता लगीन कर त्येच्यावांगडा." शाळेत असताना मला तिच्या आवाजाची लाज वाटायची. आक्का मात्र मुद्दाम बाजारात जाऊन आईशी भांडून मासे घ्यायची. दोघींना त्यात काय सुख होतं कोण जाणे.

आता तिचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्या नियमावरून झालं.

आमच्याकडे कागदाला पाय लागला तरी माणूस खाली वाकून हात कपाळाला लावतो. माणसाला पाय लागला तर लावतोच लावतो. आक्काचा नियम तिथूनच आला असावा. जे खातो, ज्याला पुजतो आणि ज्याला तोंड आहे, ते बसायच्या जागी येता कामा नये. खुर्चीच्या पाठीला चालेल, पडद्याला चालेल, शर्टाच्या खांद्यावर चालेल. बैठकीवर नाही. एका डॉक्टरांनी आंब्यांची नक्षी असलेलं कापड सोफ्यासाठी पसंत केलं. आक्काने फर्मे असे फिरवले, की सगळे आंबे पाठीवर चढले आणि बैठकीवर नुसती पानं आली. डॉक्टर म्हणाले, "खालीपण एकदोन आंबे हवे होते." ती म्हणाली, "बसून खातलास?"

फर्मा कुठे ठेवायचा हा कापणाऱ्याचा अधिकार, असं तिचं ठाम मत होतं. छापणारा काय वाटेल ते छापो. शेवटी कापडाचं काय व्हायचं ते कात्री ठरवते. छापलेला ताका टेबलावर पसरला, की ती त्याच्याभोवती न बोलता फिरायची. कारखान्यात तिचा आवाज बंद असायचा तो तेवढाच वेळ.

एकदा आचऱ्याकडचा एक तरुण आला. नुकते वडील गेलेले. त्याला वडिलांचा फोटो उशीच्या अभ्र्यावर छापून हवा होता. डोळे भरलेले होते त्याचे. मी लगेच फोटो हातात घेतला. आक्का आतून ओरडली, "बापसाच्या तोंडार लाळ गाळतलंस रात्रभर?" मुलगा उठून चालायला लागला. मला तिचा संताप आला. रडणाऱ्या माणसाशी असं बोलतात? ती त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेली आणि विचारलं, "बापूस शर्ट कसलो घाली?" दुसऱ्या दिवशी त्याने एक विरलेला चौकड्यांचा शर्ट आणला. तिने त्या चौकड्या संगणकावर घेतल्या, विटलेला रंगसुद्धा जसाच्या तसा धरला आणि खिडकीच्या पडद्याचं कापड छापलं. वाफ देण्याआधी ते मळकट दिसत होतं. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये बनवून घेतलेल्या आमच्या पत्र्याच्या पेटीत वाफ दिली, तेव्हा रंग उठला. त्या मुलाने पडदा छातीशी धरला. आक्का त्याच्याकडे पाठ करून यंत्राला शिव्या देत बसली.

अशा बाईला वेडी म्हणतात लोक. म्हणोत. मी वखारीत होते आणि ते नव्हते.

तेव्हा किनाऱ्यावर रिसॉर्टं उगवू लागली होती. आमच्या तोंडवलीत एका स्थानिक माणसाने मोठं रिसॉर्ट बांधायला घेतलं. त्याला सगळे शेट म्हणत. लहानपणी तो आमच्याच घरासमोर रापणीचं जाळं ओढायला यायचा. सजावटीसाठी त्याने शहरातून एक डेकोरेटर आणला. डेकोरेटर पेन ड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आला. जेवणघराच्या सगळ्या खुर्च्या आणि वेटरांचे शर्ट. एवढं मोठं काम आमच्याकडे त्याआधी आलं नव्हतं. त्या कामावर कारखान्याचं वर्ष निघालं असतं. शिवणाऱ्या दोन्ही बायका त्याच्यासाठी चहा ठेवायला धावल्या.

मी संगणकावर फाईल उघडली. निळ्या-गुलाबी रंगात एक कोळीण. एका हातात उंच धरलेली सुरमई, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. तिच्या बाजूला तीच, खाली तीच, पडदाभर तीच. पुढच्या दाताचा एक कोपरा तुटलेला होता. तो दात विहिरीच्या कठड्यावर पडून तुटला तेव्हा मी चौथीत होते.

मी म्हटलं, "आक्का, ही माझी आई आहे."

मला वाटलं, आता वखारीची कौलं उडतील. आक्का मात्र चष्मा लावून पडद्याजवळ वाकली. मग डेकोरेटरकडे वळून तिने शांतपणे विचारलं, "तिका इचारलंस?"

"अहो, हा दोन वर्षांपूर्वीचा फोटो आहे. बाजारात काढलेला," तो म्हणाला. "कॅन्डिड, नकळत टिपलेला. पण काय चेहरा आहे बघा! इथल्या मातीचा सगळा आनंद त्या एका चेहऱ्यात आलाय."

"बीकॉम," आक्का म्हणाली, "आवशीक हाड."

बाजार वर दहा मिनिटांवर होता, मी जाऊन आईला बोलावलं. आई रिकामी पाटी काखेत मारून आली. तिने ओट्यावर पाय पुसले आणि आत येऊन पडद्याकडे बघितलं. स्वतःला ओळखायला तिला वेळ लागला, कारण आरशात ती कधी गुलाबी दिसली नव्हती. मग तिने डेकोरेटरकडे बघितलं आणि त्याला मात्र लगेच ओळखलं.

"मेल्या, तूच मा तो? टोपयेवालो?"

तो हसला. "हो मावशी! आठवतंय का? मी यांना तेच सांगत होतो, तुमच्या चेहऱ्यावर केवढा आनंद आहे."

"आनंद?" आई म्हणाली. "कसलो आनंद? मी तुका वरडान सांगत होतंय, फोटो काढू नको म्हणान. तीनदा सांगलंय. ह्या तोंड उघडा दिसता ना, ता 'नको' म्हणता हा." तिने पडद्यावरच्या हाताकडे बोट दाखवलं. "आणि ही सुरमय मी तुका दाखवक नाय धरलंय. तुझ्या टाळक्यात घालूक धरलंय."

 डेकोरेटर टाळी वाजवून म्हणाला, "म्हणूनच एवढा जिवंत आलाय फोटो!"

 आईने 'नको' म्हटलं होतं. त्या माणसाने तो 'नको' घेतला, गुलाबी केला आणि कापडभर पेरला. आणि समोर उभी असलेली बाई पुन्हा 'नको' म्हणत होती, तर त्याला तिच्यातही नक्षीच दिसत होती.

आक्काने विचारलं, "खुर्चेर खंय लावतलास ह्या?"

"पाठीला आणि बसायला. सगळीकडे."

"बसाक."

"हो."

आक्काने पेन ड्राइव्ह ओढून काढला, त्याच्या शर्टाच्या खिशात घातला आणि दाराकडे बोट केलं. "भायर."

तो चिडला नाही. तेच मला जास्त लागलं. तो हसत म्हणाला, "तुमची मर्जी. फाईल आहे ती. सुरतेला दोन दिवसांत छापून मिळेल. आणि मावशी, बाजार ही सार्वजनिक जागा आहे. मी काही चोरी केलेली नाही."

संध्याकाळी शेट आमच्या घरी आला. आईला म्हणाला, "गो, खुळी काय तू? देशभरचे लोक तुझा तोंड बघतले. भाग्य लागता तेका."

आई म्हणाली, "बघूचे नाय रे ते. बसतले."

शेट हसला आणि उद्या मासे कुठले चांगले मिळतील, ते विचारून गेला.

त्यानंतर आईने बाजारातली जागा बदलली. आत, खांबाच्या मागे बसू लागली. डोक्यावरून पदर, तोंड भिंतीकडे. रस्त्यावर कोणी कॅमेरा काढला की ती पाटीवर फडकं टाकून उठायची. ओरडायची बंद झाली ती. गिऱ्हाइकं आवाज ऐकून यायची, ती शोधत फिरायची आणि दुसरीकडून घ्यायची. घरी येऊन ती पाटी धुवायची आणि एक शब्द बोलायची नाही. जी आई किनाऱ्यावरून हाक मारून बाबांना समुद्रातून परत आणायची, ती मीठ मागतानासुद्धा बोट दाखवू लागली.

आणि मी काय करत होते? मी अर्ज लिहीत होते. सुंदर अक्षरात, 'महोदय' घालून. हा माझ्या आईचा चेहरा आहे, आपण कृपया विचार करावा. शेटला दिला, डेकोरेटरच्या पत्त्यावर पाठवला. उत्तर आलं नाही. आक्का तो अर्ज वाचून म्हणाली, "कृपया. बरा लिवलंस. अक्षर चांगला आसा."

महिन्याभराने वखारीसमोर टेम्पो थांबला. त्यातून सुरतेहून छापून आलेले ताके उतरले. खुर्च्या रिसॉर्टात येऊन पडल्या होत्या, त्या काही सुरतेला पाठवता येत नव्हत्या. कापून, शिवून खुर्च्यांवर ओढून चढवायचं काम आमच्याशिवाय त्या भागात दुसरं कोणी करत नव्हतं. शेट स्वतः आला होता. "आक्का, छापूक नको म्हणालंस, छापून हाडला. आता काप तरी."

आक्काने ताक्याचं टोक ओढलं. आई उलगडली. तिने कोपरा जिभेला लावला आणि म्हणाली, "कापतंय. ठेव."

टेम्पो वळेपर्यंत मी कशीबशी थांबले. मग मला माझाच आवाज ऐकू आला आणि तो माझा वाटेना. आईचा होता तो.

"आक्का, तुका लाज नाय वाटणा? माझी आवस ती! तिच्यार बसतले लोक, आणि तू कापतलंस? मोठो नियम सांगतंस, तोंडार बसाचा नाय म्हणान! डॉक्टराक आंबे नाय दिलंस बसाक, आणि माझ्या आवशीक देतंस? काम होया म्हणान? माका तुझी नोकरी नको. तुझी संधी नको. शिरा पडो त्या ताक्यार!"

शिवणयंत्रं थांबली होती. दोन वर्षं मी त्या वखारीत पुस्तकी मराठी बोलत होते आणि आक्काला 'अहो-जाहो' करत होते. ते सगळं एका दमात वाहून गेलं.

आक्का स्टुलावर बसली. खिशातून पेपरमिंट काढली आणि माझ्यासमोर धरली.

"इलो," ती म्हणाली. "एकदाचो इलो राग. मी म्हटलंय, ह्या चेडू अर्ज लिवता लिवताच मरतला." मग उठून तिने मोठी कात्री माझ्या हातात दिली. "बीकॉम, मी कापतलंय म्हणालंय. कसा कापतलंय ता खंय सांगलंय? फर्मे हाड."

मग आम्ही कापायला बसलो.

नक्षी दाट होती. एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जेमतेम वीतभर जागा. बैठकीचा फर्मा त्यात कुठेच बसत नव्हता. म्हणून आक्काने फर्म्याचेच तीन भाग केले आणि तोंडांच्या मधून चिंचोळ्या पट्ट्या काढायला लागली. एका पट्टीत टोपलीची कड, एकीत माशाची शेपटी, एकीत नुसत्या बांगड्या. तीन पट्ट्या जोडल्या की एक बैठक. शिवणीत कापड जायचं, कात्रणात त्याहून जास्त जायचं. मी खडूने रेघ ओढायची, ती कापायची. प्रत्येक चेहरा ती वेगळा, भोवती दोन बोटं जागा ठेवून, एकही शीर न कापता काढायची. एकदा माझी रेघ आईच्या हनुवटीवरून गेली तर तिने माझ्या हातावर टेप मारला. "नीट! माणूस आसा तो." पाठीच्या कापडावरही तिने तोंड ठेवलं नाही. शर्टांवर नाही. मी म्हटलं, "पाठीला तर नियमात बसतं." ती म्हणाली, "ज्येना नको म्हटला, ता खयंच बसणा नाय."

कात्री चालवताना ती शिव्या देत होती. डेकोरेटरला, शेटला, सुरतेला, शाईला, बाजार सार्वजनिक आहे म्हणणाऱ्या सगळ्यांना. मीही देत होते. मला इतक्या शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं.

ताके संपले तेव्हा निम्म्या खुर्च्यांचं कापड झालं होतं. निम्म्या उघड्या. शर्ट तर फार थोडे निघाले.

शेट आला. त्याने चळत बघितली, पुन्हा बघितली.

"आक्का, बाकीचा खंय?"

"पुराक नाय."

"पुराक नाय कसा? बेतान हाडलेला कापड!"

"तेच्यात माणसा खूप होती," आक्का म्हणाली. "ती काढल्यार जा उरला, ता ह्या."

शेटला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याचा चेहरा आईच्या छापील चेहऱ्याइतकाच गुलाबी झाला. "आणि ती तोंडा? ती खंय आसत?"

"ज्येची तेका दिली."

त्याने काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. आक्का ऐकत उभी होती, हात कमरेवर, आणि त्याचं संपल्यावर एवढंच म्हणाली, "तिचा एक 'नको' तुका ऐकाक येऊक नाय. तुझे इतके शब्द मी कित्याक ऐकू?"

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, किंवा आहे असं त्यांना वाटतं. शेटने उरलेल्या खुर्च्यांना साधं निळं कापड लावलं. तालुकाभर सांगत फिरला, आक्काला बेत येत नाही, कापडाचं वाटोळं करते, वय झालं, डोकं फिरलं. लोकांना ते सोपं वाटलं. रिसॉर्टवाल्यांनी कामं देणं थांबवलं. गंमत पुढे आहे. पट्ट्या जोडलेल्या त्या खुर्च्या पर्यटकांना फार आवडल्या. डेकोरेटरने त्यांचे फोटो काढून आपल्या नावावर मिरवले. आक्काला ते कळलं तेव्हा तिने त्याला फोन लावला, "चोर" एवढंच म्हणाली आणि रिसीव्हर आपटला. वर्षा-दीड वर्षात यंत्र विकावं लागलं. ते नेणारा टेम्पो निघाला आणि नेमकी वीज गेली. आक्काने सवयीने फोन उचलला आणि म्हणाली, "आता कितीय वेळा जावदे." त्यानंतर ती बहिणीकडे आरोंद्याला गेली. तिथे परकर-झबली शिवते आणि माझ्या माहितीप्रमाणे सगळ्या गावाशी तिचं भांडण आहे. मी आता सरकारी नोकरीत आहे, लोक माझ्याशी नीट बोलतात. न बोलले तर मी बोलते. ते कॉलेजात शिकले नाही.

आता ती तोंडं. शेट येण्याच्या आदल्या दिवशी आक्काने ती सगळी एका गोणीत भरून माझ्याबरोबर घरी पाठवली होती. मी घरासमोरच्या खळ्यात गोणी ओतली. आई सारवलेल्या जमिनीवर सगळीकडे पसरली. बाबा जाळं विणायचे थांबले. मला वाटलं, आई ती जाळेल, नाहीतर समुद्रात सोडेल.  ती खाली बसली आणि एक तुकडा उचलून बोटांनी चुरडून पाहिला.

"कापड दणदणीत आसा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांत ती एवढं पहिल्यांदा बोलली.

तिने चारपाच तुकडे एकावर एक ठेवले, पीळ दिला, गोल वळवले, टोक आत खुपसलं. चुंबळ झाली. पाटीखाली डोक्यावर घ्यायची, रोजची. तिने ती डोक्यावर ठेवून दाबून बघितली.

"माझा तोंड माझ्या डोक्यार रवतला," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या कुल्याखाली नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मासळीची पाटी त्या चुंबळीवर चढवून बाजारात गेली आणि खांबामागून उठून आपल्या जुन्या जागेवर बसली. आक्का मासे घ्यायला आली. तिने आधी चुंबळ उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "पीळ उलटो दिलंस. धागो बघूक नको?"

"तू कापड काप," आई म्हणाली, आणि बर्फ फोडणाऱ्याने दुसऱ्या टोकाला मान वर केली. "डोक्यार कसा घेवचा ता माका कळता. बांगडो घेतलंस काय? बोट लावू नको!"

इतकी वर्षं झाली, आई अजून बाजारात बसते. एक चुंबळ झिजली की गोणीतून नवे तुकडे काढून दुसरी वळते. परवा मी गोणीत हात घालून बघितला. खुर्च्यांना नसेल पुरलं, पण या कामाला ते कापड पुरून उरलं आहे.